अम्मीला सांगू नकोस

माझी मुलगी आठ वर्षांची असताना हॅलोविनच्या संध्याकाळी तिला काय झालं, हे मला तीन आठवड्यांनी कळलं. तेही एका परक्या बाईकडून, आमच्या कंपाउंडच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, दह्याचे डबे घेताना. तोपर्यंत ते माझ्या घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मला सोडून.

आम्ही आखातात, जुबैलच्या बाहेर राहतो. नवरा रास अल खैरला, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटमध्ये आहे. सकाळी कंपनीची बस त्याला नेते आणि संध्याकाळी सहाला परत आणून सोडते. कंपाउंडला उंच भिंत, गेटवर पहारा आणि आत साठ-सत्तर एकसारखे विला आहेत. मी मूळची श्रीवर्धनची. घरात आमची कोकणी बोली, शाळा मात्र मराठी. लग्नाआधी चार वर्षं महाडच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवलंय. इथे आल्यावर मराठी बोलायला एकच बाई होती, माझ्या समोरच्या विलात. इस्लामपूरची. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचे. तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्याच शिफ्टला, त्याच बसने जाणारा. तिला माझ्या मुलीहून दोन वर्षांनी मोठी एक मुलगी.

ताई माझ्यासाठी काय होती, हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. माझी मुलगी पाच वर्षांची असताना कुणाच्या तरी वाढदिवसाला तिने काजूची बर्फी खाल्ली. अर्ध्या तासात तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजायला लागली. नवरा साईटवर होता. मला अरबी येत नव्हतं, कंपाउंडच्या ड्रायव्हरचा नंबरही माझ्याकडे नव्हता. ताईने पोरीला माझ्या हातातून घेतलं, अनवाणी गेटपर्यंत धावली, गाडी थांबवली. इस्पितळात इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, कुठे दाखवायचा, कोणत्या खिडकीवर जायचं, सगळं तिनेच केलं. संध्याकाळपर्यंत ती माझ्याशेजारी बाकड्यावर बसून होती. तिच्या पायाला डांबराचे चटके बसून फोड आले होते, ते मला दुसऱ्या दिवशी दिसले.

त्या दिवसापासून मुलीच्या मनगटावर ॲलर्जी लिहिलेली पट्टी आणि बरोबर एक लाल पाऊच असतो. त्यात पेनासारखं इंजेक्शन, एक सिरप आणि काय झालं तर काय करायचं याचा कागद. काजू किंवा पिस्ता पोटात गेला, की वेळ हातात फार नसतो. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट बजावली होती. त्रास एकदा कमी झाला तरी काही तासांनी उलटू शकतो. त्या रात्री लक्ष ठेवायचं, मूल एकटं झोपवायचं नाही.

आमच्या कंपाउंडमध्ये हॅलोविन पूर्वीपासून होतं, पण गुपचूप. अलीकडच्या वर्षांत ते उघडपणे होऊ लागलं. क्लबहाऊसमधल्या बायकांची एक कमिटी होती, बहुतेक गोऱ्या, दोघी फिलिपिनो. ज्यांना भाग घ्यायचा त्यांनी दाराला नारिंगी रिबीन बांधायची. मुलांनी फक्त त्याच दारांची बेल वाजवायची. आम्हाला लहानपणी तिन्हीसांजेला भुताचं नावसुद्धा काढू देत नसत, आणि इथे मुलं भूत होऊन दारोदार चॉकलेटं मागत होती. फोनवर माझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, "हे काय नवीन काढलंस गो?" पण मुलगी दोन वर्षं खिडकीतून बघत होती. तिच्या वर्गातल्या, कंपाउंडमधल्या सगळ्या जात होत्या. तिसऱ्या वर्षी मी हो म्हटलं.

आणि हो म्हटल्यावर मी मास्तरीण झाले. कमिटीत जाऊन बसले आणि एक कागद करून दिला. पाच-सहा मुलांचा एक गट, प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस. मोठ्या माणसाने गट सोडायचा नाही. मुलांच्या पाठीवर चमकणारी पट्टी आणि हातात टॉर्च. जमिनीवर लोळणारे झगे नकोत, डोळे झाकणारे मुखवटे नकोत. कुणाच्या घरात शिरायचं नाही, दारातच थांबायचं. मिळालेलं काहीही घरी आई-बापांनी बघितल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. आणि मगरिब ते इशा, म्हणजे सूर्यास्तानंतरचा दीड तास, तेवढ्याच वेळात सगळं उरकायचं. कमिटीच्या बायकांनी कागद वाचून माझं कौतुक केलं. एकीने विचारलं, गेटजवळच्या वळणावर कोण उभं राहील? तिथून जेवण पोचवणाऱ्यांच्या गाड्या वेगात आत येतात, आणि सहाला कंपनीची बस. मी म्हटलं, मी राहीन.

ताई माझ्याशेजारीच बसली होती. ती म्हणाली, "तू गेट सांभाळ. तुझी पोरगी माझ्या गटात. डोळ्यांत तेल घालून बघते."

मी क्षणभरही विचार केला नाही. दुसऱ्या कुणाबरोबर मी तिला पाठवलंच नसतं.

त्या दिवशी गुरुवार होता. उकाडा अजून होता. मुलीला मांजर व्हायचं होतं. काळा टी-शर्ट, काळी लेगिंग, गालांवर मिशा. मुखवटा नाही. ताईच्या हातात लाल पाऊच दिला, तिने तो पर्समध्ये ठेवला आणि पर्सवर थाप मारून दाखवली. मी नवऱ्याचं साईटचं हिरवं जॅकेट घालून वळणावर जाऊन उभी राहिले. ते मला गुडघ्यापर्यंत येत होतं. दीड तास मी हात वर करून गाड्या थांबवल्या. एका पिझ्झावाल्याशी भांडले. बस आली तेव्हा ती गेटच्या बाहेरच उभी करायला लावली, सगळे पुरुष चालत आत आले. माझा नवरा मला त्या अवतारात बघून हसला आणि आंघोळीला घरी गेला. दुरून टॉर्चचे ठिपके हलताना दिसत होते. मला बरं वाटत होतं. या परक्या ठिकाणी आपण कुणाच्या तरी कामाला आलो, असं पहिल्यांदाच वाटत होतं.

इशाच्या अजानच्या सुमारास ताई गट घेऊन आली. पाऊच माझ्या हातात दिला. चेन लावलेली. मुलीच्या मानेवर लाल चट्टे होते. मी टॉर्च मारून बघितलं.

"घामाने झालंय," ताई म्हणाली. "तो टी-शर्ट सिंथेटिक आहे बघ. माझ्या पोरीलाही खाज सुटली."

मुलगी जमिनीकडे बघत होती. मी विचारलं, "काही खाल्लं नाहीस ना?" तिने नाही म्हणून मान हलवली. दमली असेल, असं मला वाटलं. घरी जाऊन मानेवर कॅलामाइन लावलं. पिशवी टेबलावर ओतून एकेक वेष्टन वाचलं, पिस्त्याची चॉकलेटं बाजूला काढली. त्या वर्षी पिस्त्याच्या चॉकलेटांचं वेड होतं, प्रत्येक दुसऱ्या घराने तीच वाटली होती. मुलगी तिच्या खोलीत झोपली आणि मी माझ्या.

दुसऱ्या दिवशी ताईकडे दिवाळीचं जेवण होतं. दरवर्षी ती माझ्या मुलीसाठी सुकामेवा न घातलेल्या करंज्या वेगळ्या करायची, वेगळ्या डब्यात. तशा त्याही वर्षी केल्या होत्या. आम्ही तिघं तिच्या टेबलाशी बसून जेवलो. तिने मला आग्रह करून दुसऱ्यांदा वाढलं.

मग तीन आठवडे गेले.

बकाल्यात जी बाई भेटली ती दक्षिण आफ्रिकेची, कंपाउंडच्या मागच्या टोकाला राहणारी. आमची ओळख मान हलवण्यापुरती. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "तुमची मुलगी आता कशी आहे?" तिचा आवाज थंड होता. मी म्हटलं, छान आहे, का? ती म्हणाली, "त्या संध्याकाळी मी फार घाबरले होते."

मला काहीच कळेना. माझा चेहरा बघून तिलाही काहीतरी जाणवलं असावं. तिने टोपली खाली ठेवली आणि पहिल्यापासून सांगितलं. पाच मुलं तिच्या दाराशी आली, बरोबर मोठं कुणी नाही. मांजर झालेली मुलगी मान खाजवत होती आणि खोकत होती. ओठाला हिरवं काहीतरी लागलं होतं. तिच्या मनगटावरची पट्टी या बाईने वाचली. घरात मुलांसाठीचं ॲलर्जीचं सिरप होतं, ते पाजलं. तुमच्याबरोबर कोण आहे, म्हणून विचारलं तर मोठी मुलगी म्हणाली, आई क्लबहाऊसला गेलीय. हिने क्लबहाऊसला फोन लावला. तेव्हा ताई आली, धावत.

"मी त्यांना म्हटलं, हिला इस्पितळात न्या," ती बाई म्हणाली. "त्या म्हणाल्या, मुलीच्या आईशी बोलणं झालंय. आई गेटवर आहे, काम संपलं की बघेल."

मी तिचे आभार मानले. काय बोलले ते आठवत नाही. घरी येताना एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. तीन आठवडे त्या बाईच्या लेखी मी मुलीला त्रास होतोय हे कळूनही जागेवरून न हललेली आई होते.

मुलगी शाळेतून आली. मी तिला दूध दिलं आणि समोर बसले. रागावले नाही. रागावले तर ती गप्प बसेल, हे मला वर्गातल्या पोरांवरून माहीत होतं. म्हटलं, "हॅलोविनला मावशी तुमच्याबरोबर नव्हती का?"

ती ग्लासात बघत राहिली. माझ्याशी ती मराठीत बोलते, पण घाबरली की हिंदीवर जाते. "मावशीने बोला था मत बताना," ती म्हणाली. "बोली, अम्मी को पता चला तो फिर कभी कहीं नहीं भेजेगी."

"आणि तू चॉकलेट खाल्लंस?"

"एकच. दीदीने पण खाल्लं. मावशी नव्हती ना, म्हणून सगळ्यांनी उघडलं."

"खोकला कधीपर्यंत होता?"

"झोपेपर्यंत. मी उशीत खोकले." मग तिने वर बघितलं. "तुला ऐकू जाऊ नये म्हणून."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. आठ वर्षांच्या मुलीने, जिला श्वास लागणं काय असतं ते माहीत होतं, तोंडात उशी धरून खोकला दाबला होता. आणि मी भिंतीच्या पलीकडे झोपले होते.

नळ बंद केला आणि तशीच ताईकडे गेले. ती पालेभाजी निवडत होती. मी उभ्यानेच विचारलं. तिने नाकारलं नाही, एवढं मी तिच्या बाजूने सांगते.

"वीस मिनिटं गं," ती म्हणाली. "कमिटीच्या बाईंनी बोलावलं. वेषभूषेचे नंबर काढायला एक परीक्षक कमी पडत होती. सहा वर्षं झाली मला इथे, त्यांनी मला एकदा तरी कधी चहाला बोलावलंय का? मी म्हटलं, आलेच. माझी पोरगी मोठी आहे, तिला सांगून गेले."

"पाऊच तुझ्या पर्समध्ये होता."

ती भाजीची काडी मोडत राहिली.

"ताई, तू बघितलं होतंस तिला. पाच वर्षांची असताना. तू उचलून नेलं होतंस."

"म्हणूनच सांगते, यावेळी तसं काही नव्हतं. मला कळतं ना. सिरपने उतरलं." मग तिचा आवाज चढला. "तू किती घाबरवून ठेवलंयस सगळ्यांना, कळतंय का तुला? तुला काही सांगायचं म्हटलं की दहादा विचार करावा लागतो. पोर सुद्धा घाबरते. त्रास झाला ते सांगायला नाही घाबरत, तुला घाबरते."

"आणि त्या बाईला सांगितलंस, माझ्याशी बोललीस म्हणून."

"मग काय सांगणार होते तिला?" ती म्हणाली. "आणि सगळं माझ्या एकटीवर कशाला? तुझ्या नवऱ्याला विचार की. त्याला माहीत आहे. आमच्या ह्यांनी रविवारी बसमध्येच सांगितलं त्याला."

तिला ते बोलून गेल्यावर लगेच वाईट वाटलं असावं. ती "अगं, बस जरा" म्हणाली. मी बसले नाही.

नवरा सहाला आला. हात धुतले, जेवायला बसला. मुलगी खोलीत होती. मी भाकरी वाढली आणि विचारलं. त्याचा घास हातातच राहिला.

"तुला कुणी सांगितलं?"

ज्याला काही माहीत नसतं, तो असं विचारत नाही. मला तेवढं पुरे होतं, पण त्याने सगळं सांगितलं. ताईच्या नवऱ्याने त्याला सांगितलं तेव्हा तीन दिवस होऊन गेले होते. पोरगी खेळत होती, शाळेत जात होती. आता सांगून काय उपयोग, असं त्याला वाटलं. "तू महिनाभर झोपली नसतीस," तो म्हणाला. "तुमची मैत्री तुटली असती. इथे तुला दुसरं कोण आहे?"

"आणि तू झोपलास?"

"म्हणजे?"

"महिनाभर. तू झोपलास ना नीट?"

तो वाईट माणूस नाही. त्याने जे केलं ते माझ्या काळजीने केलं, असं तो आजही म्हणतो, आणि ते खोटं नाही. पण तीन आठवडे तो रोज माझ्यासमोर बसून जेवला होता. एकदा मी त्याच्याजवळ ताईचं कौतुकही केलं होतं, की हिच्यामुळे मला त्या दिवशी गेटवर निर्धास्त उभं राहता आलं. तो "हं" म्हणाला होता आणि टीव्हीचा आवाज वाढवला होता. ते मला तेव्हा लागलं नाही, आता लागलं.

शनिवारी मुलीला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तपासलं, सगळं ठीक होतं. खोकला होता तेव्हाच इंजेक्शन द्यायला हवं होतं, असं ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघत राहिले. मी "मला माहीत नव्हतं" म्हणाले नाही. आईला कसं माहीत नव्हतं, असं त्यांनी विचारलं असतं.

घरी येताना गाडीत मी मुलीला एक नवीन नियम सांगितला. कुठलंही मोठं माणूस "अम्मीला सांगू नकोस" म्हणालं, तर सगळ्यात आधी तेच मला सांगायचं. मी रागावणार नाही, ओरडणार नाही, कुठे जायचं बंद करणार नाही. चॉकलेट खाल्लं असलं तरी.

"मावशी म्हणाली तर पण?"

"मावशी म्हणाली तर पण."

ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "अब्बा म्हणाले तर?"

नवरा गाडी चालवत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. "अब्बा म्हणाले तरी," मी म्हटलं. त्याचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. नवऱ्यासमोर मुलीला असं सांगावं लागणं, हे मला त्या सगळ्या प्रकरणात सर्वांत जड गेलं. आणि हे सुद्धा खरं, की मनात ताईचं वाक्य घुमत होतं. पोरगी मला घाबरत होती. रागावणार नाही, असं वचन मला द्यावं लागलं, याचा अर्थ आधी ते दिलेलं नव्हतं. माझ्या कागदावरच्या नियमांत मूल चुकलं तर काय करायचं, हे कुठेच नव्हतं. पण म्हणून ताईने, तिच्या नवऱ्याने आणि माझ्या नवऱ्याने जे केलं त्याची टोचणी कमी झाली नाही.

ताईशी मी भांडले नाही. आम्ही बोलतो. रस्त्यात भेटलो तर ती विचारते, "चहाला का येत नाहीस?" मी म्हणते, येईन. मुली एकमेकींकडे खेळायला जातात. करंज्यांचा डबा पुढच्या दिवाळीला आला, मी परत केला नाही. पण मुलीला दिल्या नाहीत, झाकून ठेवल्या आणि नंतर टाकून दिल्या. असं आयुष्यात कुणाच्या हातचं मी टाकलं नव्हतं. दक्षिण आफ्रिकेच्या बाईकडे मात्र मी एकदा मुद्दाम गेले आणि खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "मी तुम्हाला थेट फोन करायला हवा होता." एवढ्या सगळ्यांत चूक कबूल केली ती तिने एकटीने, आणि तिची चूक सगळ्यात लहान होती.

पुढच्या हॅलोविनला मी गेटवर उभी राहिले नाही. मुलीच्या गटामागे चालले. तिला ते आवडलं नाही, पण तिने चालवून घेतलं.

नवरा आता मला सगळं सांगतो. प्लांटमध्ये कुणाचं बोट चेंगरलं, बसचा टायर वाटेत पंक्चर झाला, रक्तदाब किती निघाला, सगळं. परवा मुलीच्या शाळेची सहल होती आणि तो बरोबर गेला होता. आल्यावर त्याने दारातच सांगितलं, "काही झालं नाही, तिने फक्त डब्यातलंच खाल्लं." मी म्हटलं, बरं झालं. तो आंघोळीला गेला. पाण्याचा आवाज सुरू झाल्यावर मी फोन घेऊन मागच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि मुलीच्या वर्गशिक्षिकेला फोन लावला.